माऊसखालची मिसल

खरं सांगा, आयुष्यात एकदा तरी स्वतः दुकानात जाऊन, हात लावून, पसंत करून तुम्ही माऊसपॅड विकत घेतलाय का?

उत्तर मला माहीत आहे. सात वर्षं मी जिंतुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते आणि ‘माऊसपॅड द्या’ असं तोंडानं म्हणणारी दोनच गिऱ्हाइकं मला भेटली. पहिल्या बाईंना तो मिक्सरखाली ठेवायचा होता. ‘चटणी वाटायला लावली की मशीन ओट्यावरनं पळायलंय,’ म्हणाल्या. दुसरे शिंपीकाका. त्यांना शिलाई मशीनच्या पायाखाली हवा होता, कारण खालच्या मजल्यावरचे लोक आवाजानं भांडायला येत होते. दोघांनाही मी पॅड दिला आणि दोघांचंही समाधान झालं. ज्यांच्याकडे माऊस आहे ते मात्र माऊस वही, रुमाल, लग्नपत्रिका आणि एकदा तर दशम्या बांधून आणलेल्या फडक्यावर चालवताना मी पाहिले आहेत.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हा प्रकार निवृत्त माणसांचा, माझी अजून तिशीसुद्धा झालेली नाही. पण एक कबुली द्यायची राहिली आहे. पत्रकात ती अर्ध्या पानात उरकावी लागली, इथं ऐसपैस देता येईल.

पत्रकांचं आधी सांगते, कारण पुढं त्यांचा संबंध येतो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे वडील, आबा, बोरी गावात मजुरांची संघटना चालवत. ‘जाहीर आवाहन’, ‘जाहीर निषेध’, ‘जाहीर सभा’ अशा गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. पहिलीत बाईंनी ‘ज’पासून शब्द विचारला, तर वर्गानं ‘जहाज’ सांगितलं, मी ‘जाहीर’ सांगितलं. त्यामुळं अन्याय दिसला की लोक आवाज चढवतात तसं मी कागद काढते.

आता माऊसपॅड. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय निवडायचं? तर ऐका. पूर्वीच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. आताच्याच्या पोटात एक दिवा असतो आणि एक बारकासा कॅमेरा. माऊस सरकतो तसा तो खालच्या जमिनीचे भराभर फोटो काढतो आणि मागच्या फोटोतली रेघ आता कुठं सरकली ते बघून पडद्यावरचा बाण हलवतो. म्हणजे त्याला खाली बघायला काहीतरी लागतं. कापडाची वीण, कागदाचा खरबरीतपणा, लाकडाची रेषा, काहीही चालतं. काच ठेवलीत तर तो आंधळा. चकचकीत सनमायका असेल तर अर्धा आंधळा.

मग हात. तास-दोन तास काम करणाऱ्याला कसलाही पॅड चालतो. दिवसभर आकडे भरणाऱ्याला कापडी हवा, खाली रबर असलेला, म्हणजे तो टेबलावर सरकत नाही आणि मनगट कडेला घासत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे हाताला जो घाम सुटतो त्यानं कापडी पॅड महिन्याभरात काळा पडतो. तो पाण्यानं धुवावा, सावलीत वाळवावा. हे मी सांगते आणि लोक हसतात. आणि पेडगावच्या रस्त्याला एका जिनिंगमध्ये मी हौसेनं कापडी पॅड दिला, तर पंधरा दिवसांत त्याला दाढी आली. सरकी-कापसाचा बारीक तूस उडून त्याच्यावर बसायचा आणि माऊसच्या डोळ्यात जायचा. मॅनेजर म्हणाले, ‘ताई, हे पॅड न्हाई, गोधडी व्हायली.’ तिथं गुळगुळीत प्लास्टिकचाच पॅड हवा होता, फडक्यानं पुसता येणारा. चूक माझी होती. ती मी मान्य केली, कारण ती लहान होती. लहान चुका मान्य करायला मी कायम तयार असते.

माझी पारख साधी आहे. आधी मनगटाची आतली बाजू त्या पृष्ठभागावर फिरवायची. मग पडद्यावर चित्र काढायचा फळा उघडून माऊसनं ‘अ’ काढायचा. ‘अ’ला पोट आहे, दांडी आहे, आडवी रेघ आहे. ‘अ’ न थरथरता आला, तर पॅड पास.

आता मुख्य गोष्ट. तिची सुरुवात मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात झाली. तिथले अडत दुकानदार सोपानराव माझ्याकडे आले. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. लोक अशा वेळी नाव घातलेले स्टीलचे डबे वाटतात. सोपानरावांना आधुनिक काहीतरी वाटायचं होतं.

‘माऊसपॅड छापून द्या,’ म्हणाले. ‘वर आमच्या दादांचा फोटो. खाली स्मरणार्थ.’

‘काका, त्याच्यावर माऊस फिरणार,’ मी म्हटलं.

‘फिरू द्या की. रोज आठवण निघल.’

‘तोंडावरून फिरणार, काका.’

‘दादाला कशाचा राग न्हवता,’ सोपानराव म्हणाले आणि विषय संपला.

दोनशे पॅड छापून आले. फेट्यातले दादा, गंभीर चेहरा, मोठ्या मिशा. बँकेत, पतपेढीत, शाळेत, कार्यालयात सगळीकडे वाटले गेले आणि जिल्ह्यात एकाही माणसानं त्यावर माऊस ठेवला नाही. कोण ठेवणार? गेलेल्या माणसाच्या मिशीवर उंदीर फिरवायचा? लोकांनी ते खिळा मारून भिंतीवर टांगले. एका पतपेढीत दादांना हार घातलेला मी स्वतः बघितला. सोपानराव खूश झाले, कारण डब्यांना असा मान मिळत नाही. माऊस मात्र होते तिथंच राहिले, लग्नपत्रिकेवर.

त्यातला एक पॅड एका सरकारी कार्यालयात गेला. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. एकदा माझ्या कागदानं त्याची बदनामी झालेली आहे, ते पुढं येईल. तिथं रंगनाथराव नावाचे लिपिक आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलणं मऊ. त्यांनीही दादांना आदरानं भिंतीवर गणपतीशेजारी जागा दिली आणि मला फोन केला, ‘ताई, आमचा उंदीर मेलाय वो.’

मी गेले. उंदीर ठणठणीत होता. टेबलावर काच होती, कार्यालयात असते तशी. खाली देवांचे फोटो, सुट्ट्यांची यादी, एसटीचं वेळापत्रक.

‘काचेवर चालणार नाही, रावसाहेब. पॅड लागतो.’

‘दादा हायेत की.’

‘दादांवर चालवता का?’

रंगनाथरावांनी भिंतीकडे बघितलं. ‘न्हाई बा,’ म्हणाले. ‘दुसरं काई तरी बगा.’

माझ्या पिशवीत त्या दिवशी पॅड नव्हता. असता तरी दिला नसता. सरकारी टेबलावरची वस्तू सरकारनं रीतसर मागवावी, दुकानदारांनी फुकट देऊन मिंधं करू नये, असं माझं तत्त्व आहे. तत्त्व चांगलं आहे. त्या दिवशी ते फार महाग पडलं.

टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याच्या फायली पालथ्या पडलेल्या होत्या. मी वरची उचलली. मागची बाजू कोरी, पिवळसर, चमक नसलेली. मनगट फिरवलं. किंचित खरबरीत, आत सात-आठ कागद असल्यामुळं दाबलं की थोडी नरम. माऊस ठेवला, ‘अ’ काढला. सात वर्षांत इतका सुंदर ‘अ’ मी काढलेला नाही.

‘रावसाहेब, असा पॅड बाजारात मिळणार नाही,’ मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ती फाइल मी काचेवर पक्की बसवली. मला वाटलं ती रद्दीतली आहे, कारण ती माझ्या हाताला लागली होती. त्यांना वाटलं ती रद्दीतली आहे, कारण ती मी घेतली होती. दोघांनीही उलटून बघितलं नाही. माणसानं माणसावर विश्वास ठेवावा असं आबा म्हणतात. ते फायलींबद्दल नसावं.

चार महिने गेले. एके दिवशी दुकानात गयाबाई आल्या, सोबत त्यांची मुलगी राणी. त्यांच्या घरी मेंढरं. नवरा कळप घेऊन बाहेर, गयाबाई मजुरीला, राणी बारावी होऊन नर्सिंगला जाण्याच्या खटपटीत. प्रवेशासाठी जातीचं प्रमाणपत्र हवं होतं आणि प्रमाणपत्रासाठी दिलेली फाइल रंगनाथरावांच्या कार्यालयात सापडत नव्हती.

‘मिसल गायब हाय मनतेत,’ गयाबाई म्हणाल्या. आमच्याकडचे जुने लोक फायलीला अजून निजामाच्या काळातला शब्द वापरतात, मिसल. गयाबाईंना तो सासऱ्यांकडून आलेला. त्यावरून एक फजिती आधीच होऊन गेली होती. कार्यालयात घाटाखालून नवीन साहेब आले होते. त्यांच्यापुढं उभं राहून गयाबाई म्हणाल्या, ‘साहेब, माझी मिसल चार महिने झाले भेटंना गेली.’ साहेबांनी प्रेमानं सांगितलं, ‘मावशी, कँटीन खाली आहे.’

राणी हे सांगताना हसत होती, पण हातातली कागदाची घडी सारखी उलगडत होती, पुन्हा घालत होती. प्रवेशाची पहिली फेरी होऊन गेली होती. परभणीतच जागा लागत होती, ती गेली. दुसऱ्या फेरीची कागदपत्रं द्यायला आठ दिवस राहिले होते. आणि खरी भीती वेगळीच होती. फायलीत तिच्या पणजोबांचा उर्दूतला कागद होता, मूळ, एकुलता एक. त्याची झेरॉक्ससुद्धा काढलेली नव्हती, कारण गयाबाईंना कुणीतरी सांगितलं होतं, ‘असल दाखवा, नक्कल चालत न्हाई.’ तो कागद गेला तर घरातल्या पुढच्या कुणालाच ते प्रमाणपत्र मिळणं अवघड.

माझं रक्त तापलं. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘टेबलाखाली गेलेली फाइल’. संबंधित लिपिकानं फाइल दाबून ठेवली आहे, का दाबली ते सुज्ञांस सांगणे न लगे, वगैरे. नाव घातलं नाही, पण बसस्टँडवर सगळ्यांना कळलं. रंगनाथरावांना चहाच्या गाड्यावर लोक विचारू लागले, ‘काय राव, टेबलाखाली काय काय हाय?’ त्यांनी गाड्यावर जाणं सोडलं, घरून थर्मास आणू लागले. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर आनंद झाला असता, हेही लिहून टाकते.

पत्रकानं फाइल सापडली नाही. म्हणून मुदतीला दोन दिवस असताना मी, गयाबाई आणि राणी त्यांच्या टेबलासमोर ठिय्या मांडून बसलो. मी घोषणा दिली. मागच्या बाकावरच्या दोघांनी साथ दिली. ते वेगळ्या कामाला आले होते, पण घोषणा चांगली होती.

‘ताई,’ रंगनाथराव हळू आवाजात म्हणाले, ‘मी पुरी कपाटं उलथी केली. आवकमधी नोंद हाय. तुमाला कंप्युटरवर दाखवतो. मी खाल्ली न्हाई मिसल.’

‘मग गेली कुठं?’

‘तेच तर शोधायलोय.’

त्यांनी माऊस धरला. बाण पडद्यावर उड्या मारू लागला, कधी डावीकडं, कधी गायब. ते खिन्न होऊन बघत राहिले. मग सवयीनं म्हणाले, ‘बगा की जरा. चार रोजापासून असंच करायलाय.’

‘आम्ही ठिय्या धरलाय, रावसाहेब.’

‘ठिय्या धराच की. तेवढा उंदीर बगा अन् मंग धरा.’

गयाबाई म्हणाल्या, ‘बग गं बाई. तेच्याबिगर त्यो दाखवंल कसा?’

धंद्याचा हात गप्प बसत नाही. मी आंदोलनातून उठून टेबलाच्या पलीकडं गेले. दुखणं लगेच दिसलं. चार महिने माऊस फिरून पुठ्ठा मधोमध गुळगुळीत, चकचकीत झाला होता. असा पॅड झिजला की उलटा करायचा, दुसरी बाजू ताजी असते. मी चारी चिकटपट्ट्या नखानं सोडवल्या, फाइल उचलली आणि उलटी केली.

पुढच्या बाजूवर राणीनं स्वतःच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘अर्जदार’, आणि खाली तिचं पूर्ण नाव.

मागच्या बाकावरून एक अर्धवट घोषणा आली आणि विरली. राणीनं फाइल ओढून घेतली, आतला उर्दू कागद बाहेर काढला, उजेडात धरला. शाबूत होता. उलट चार महिने दाबून राहिल्यामुळं त्याच्या जुन्या घड्या सरळ झाल्या होत्या.

रंगनाथराव उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला. फाइल कुणी लावली होती ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या टेबलावर सापडली म्हणजे चूक त्यांची, असं धरून त्या साठीकडं झुकलेल्या माणसानं गयाबाईंपुढं हात जोडले. ‘बाई, माफ करा. माझ्या डोळ्यापुढं हुती, मला दिसली न्हाई.’

मला आठवत होतं. ‘अ’सुद्धा आठवत होता. आणि मी बोलले नाही.

साहेबांनी त्याच दिवशी सगळं बाजूला ठेवून काम केलं. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र राणीच्या हातात पडलं, मुदतीच्या आत. चहाच्या गाड्यावर लोक म्हणाले, ‘ताई, तुमच्या कागदात दम हाय.’ मी चहा प्यायले. गोड लागला, हेही खरं आहे.

घरी येऊन मी विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. आबांना वाचून दाखवलं. ते अजून पत्रक डोळे मिटून ऐकतात. संपल्यावर म्हणाले, ‘फाइल टेबलाखाली न्हवती, टेबलावर हुती.’

‘हो.’

‘तिथं आली कशी, त्ये लिव्हलं न्हाईस.’

मी पत्रकाची घडी घातली.

‘तुला माहीत हाय का?’

मी सांगितलं. आबा रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ पोट धरून हसले आणि मग डोळे पुसत म्हणाले, ‘मंग मथळा बदल. जेवढे कागद त्याच्या नावानं वाटलेस, तेवढेच तुझ्या नावानं वाट. अन् त्याच जागी.’

असा माझा पहिला ‘जाहीर खुलासा’ निघाला: ‘फाइल मीच ठेवली’. जितक्या प्रती आधी, तितक्याच आता. बसस्टँडवर वाटल्या, चहाच्या गाड्यावर स्वतः उभी राहून वाचून दाखवला. सांगते, निषेधाचं पत्रक मोठ्यानं वाचणं फार सोपं असतं. पहिली प्रत रंगनाथरावांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि लाल पेनानं एक दुरुस्ती केली.

‘“दिलगिरी”तली “दि” ऱ्हस्व, ताई.’

‘बाकी?’

‘बाकी बराबर हाय.’ मग पेनाला टोपण लावत म्हणाले, ‘चार महिने त्या पोरीच्या मिसलवर हात ठिवून मी बाकीच्यांच्या मिसली काढल्या. मला कसं तरीच वाटायलंय त्येचा इचार केल्यावर.’

त्यांचं हे वाक्य माझ्या पत्रकात नाही. ते माझ्या खुलाशापेक्षा चांगलं आहे, म्हणून इथं घातलं. त्या दिवशी मी माझं तत्त्व गुंडाळून ठेवलं आणि दुकानातला सगळ्यात चांगला पॅड, निळा, कडेनं शिवलेला, रंगनाथरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो परत केला. ‘मागणीपत्र पाठवलंय,’ म्हणाले. ‘येईल रीतसर.’ तत्त्व त्यांच्याकडंही होतं. मला ते कधी दिसलं नव्हतं.

राणीला दुसऱ्या फेरीत लातूरला जागा मिळाली. प्रवेश झाला, मुलगी शिकायला लागली, सगळं चांगलं झालं असं म्हणून हात झटकता येतात. पण ती परभणीत असती तर दर रविवारी घरी आली असती. तिच्या हातचं पिऊनच वाढलेलं एक कोकरू होतं, ते ती गेल्यावर चार दिवस दारात उभं राहायचं, असं गयाबाई सांगत होत्या. तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून सांगत होत्या. एक चांगला ‘अ’ काढायला मी एका मुलीचं घर दीडशे किलोमीटर लांब नेलं. त्याचा खुलासा कुठल्याच पत्रकात बसत नाही.

परवा गयाबाई पुन्हा आल्या. राणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज छापून घ्यायचा होता. मी कागद काढले, नव्या पुठ्ठ्यात घातले, वर ठळक अक्षरात नाव लिहिलं आणि फाइल त्यांच्या हातात दिली. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी ती फाइल हातात फिरवून दोन्हीकडून बघितली आणि काउंटरवर पालथी ठेवली.

‘हे अंग कोरं कामून ठिवलं?’

‘मावशी, नाव पुढंच लिहितात.’

‘पुढं तर मागच्या खेपंलाबी हुतं.’

मी पेन उचललं आणि मागच्या बाजूलाही तेच नाव लिहिलं, पुढच्यापेक्षा मोठं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुठ्ठ्यावर माऊस काय मुंगीसुद्धा नाव न तुडवता जाऊ शकणार नाही असं. गयाबाईंनी बोट फिरवून शाई वाळल्याची खात्री केली आणि एसटी धरायला निघाल्या.

तेव्हा हे पान मिटण्याआधी एक काम करा. तुमच्या किंवा तुमच्या शेजाऱ्याच्या घरातून कुठलीही फाइल उद्या कुठल्याही टेबलावर जाणार असेल, तर ती पालथी करा आणि मागच्या बाजूवरही नाव लिहा. मोठं लिहा.